किचन कॅबिनेटला सरकती दारं कशी बसवावीत

अरुंद स्वयंपाकघरात वरच्या कॅबिनेटचं दार उघडं राहिलं की त्याची कड नेमकी कपाळाच्या उंचीवर येते. खालचं दार उघडलं की मागून कुणाला जायला वाट उरत नाही. 600 मिमी रुंदीचं दार तितकंच बाहेर येतं, तर सरकतं दार अजिबात येत नाही. मात्र बाहेर वाचलेली जागा थोडी कॅबिनेटच्या आतून वसूल होते आणि एका वेळी अर्धंच कॅबिनेट उघडतं. हे दोन्ही आधीच मान्य करून कामाला लागावं.

कुठे बसवायची

रुंद आणि उथळ कॅबिनेट यासाठी उत्तम. बाहेरून 900 मिमीपेक्षा अरुंद असेल तर मी या भानगडीत पडणार नाही, कारण हात घालायला फारच थोडी जागा उरते. कोपऱ्यातल्या कॅबिनेटला तर नकोच. खालच्या भागात ट्रॉल्या आणि ड्रॉवर असतील तिथेही शक्यतो टाळा. कारण पुढे हिशोबात दिसेल.

आता खोलीचं गणित. 18 मिमी जाडीची दोन दारं एकामागे एक आणि मध्ये थोडी फट धरली तर 40 ते 45 मिमी जातात. वरचं कॅबिनेट आतून 300 मिमी खोल असेल तर फळीसाठी साधारण 255 मिमी उरतात, म्हणजे 280 मिमीचं मोठं ताट आडवं ठेवलं की दाराला टेकणार. म्हणून वरच्या कॅबिनेटला 5 मिमी टफन्ड काच आणि दोन खाचांचं ॲल्युमिनियम चॅनेल घ्यावं असं माझं मत. तिथे सगळं मिळून साधारण 20 मिमीत भागतं. खाली 560 मिमी खोली असते, तिथे प्लायची दारं आणि रोलरचा ट्रॅक खुशाल वापरा. खाली ट्रॅक वरून टांगायचा असेल तर एक पाहून घ्या: ओट्याखालच्या कॅबिनेटला बऱ्याचदा अखंड वरची फळी नसते, नुसत्या दोन पट्ट्या असतात. पुढची पट्टी दुहेरी ट्रॅक मावेल इतकी रुंद आणि घट्ट बसलेली हवी.

सांगाडा गुण्यात (काटकोनात) आहे का

जुनी दारं आणि बिजागऱ्या काढा. आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक 2 मिमीच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर भिंतीकडचे स्क्रू सैल करा, पॅकिंग घालून सांगाडा काटकोनात आणा आणि मगच पुढे चला. बिजागरीच्या दाराला स्क्रू फिरवून इकडेतिकडे करता येतं, त्यात तिरकेपणा झाकला जातो. सरकतं दार मात्र बाजूच्या फळीला जाऊन टेकतं आणि वर बंद, खाली उघडी अशी पाचरीसारखी फट दाखवतं. मी पहिल्या वेळी आराखड्यावरच्या मापाने दारं करून घेतली. सांगाडा 4 मिमी तिरका निघाला. ती फट आजही रोज दिसते.

आधी चॅनेल, मग दार

फळ्या आधी मागे सरकवा किंवा पुढून कापा. काचेसाठी 25 मिमी, प्लायच्या दारांसाठी 45 मिमी. मधली उभी फळी असेल तर तीही.

चॅनेल हॅकसॉने कापा आणि कडेची धार कानसीने घालवा, नाहीतर पहिल्याच दिवशी दार तिथे खरडेल. दोन चॅनेलपैकी जास्त खोल खाचेचं वर आणि उथळ खाचेचं खाली. ही अदलाबदल हमखास होते. खालचं चॅनेल पुढच्या कडेपासून 2 मिमी आत ठेवा, पाणसळ लावा, बारीक भोकं पाडा आणि चपट्या डोक्याचे स्क्रू डोकं पूर्ण बुडेपर्यंत आवळा. वरचं चॅनेल ओळंबा सोडून खालच्याच्या अगदी डोक्यावर आणा.

आता दाराचं माप. 1200 मिमी रुंद आणि 720 मिमी उंच कॅबिनेट धरू. दोन्ही बाजूंच्या 18 मिमीच्या फळ्या वजा केल्या की आतली रुंदी 1164. दोन दारं एकमेकांवर 30 मिमी चढायला हवीत. म्हणून 1164 अधिक 30, भागिले 2: प्रत्येक दार 597 मिमी.

उंचीसाठी वरच्या खाचेच्या तळापासून खालच्या खाचेच्या तळापर्यंत मोजा. समजा 680 मिमी आलं, खालची खाच 5 मिमी खोल आणि वरची 12. दार 673 मिमीचं करा. वर पूर्ण ढकललं की खाली 7 मिमी मोकळे होतात आणि दार 5 मिमीच्या कडेवरून आत जातं. खाली सोडलं की वरच्या खाचेत अजून 5 मिमी अडकलेलं राहतं. रोलरच्या संचात हे आकडे वेगळे असतात, तिथे सोबतच्या आकृतीतलं माप घ्या.

गंमत म्हणजे जुन्या दाराची रुंदीही बहुधा 597च्या आसपास असते. मोह होतो, पण उंची कापावी लागते, कापलेल्या कडेला नवी एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावावी लागते आणि बिजागरीची 35 मिमीची भोकं मागे तशीच राहतात. नवीन प्लाय घेतलात तर लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावून घ्या. एकाच बाजूला लावलं तर दार वाकतं आणि दोन दारं एकमेकांना घासतात.

काच चॅनेल बसल्यावर मोजूनच मागवा. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, खाच किंवा भोकही पाडता येत नाही. हँडलची जागाही मागवतानाच सांगा. हँडल खोबणीचंच हवं, कारण मागच्या दाराला बाहेर आलेली मूठ असेल तर पुढचं दार तिथेच अडतं.

आणि ड्रॉवरचं ते कारण. दार पूर्ण सरकवल्यावर मोकळी जागा 1164 वजा 597 म्हणजे 567 मिमी. मधली 18 मिमीची फळी बरोबर मध्यावर असेल तर तिच्यापर्यंत 573 मिमी. म्हणजे सरकवलेली दारं फळीच्या अलीकडे 6 मिमी येतात आणि ड्रॉवर त्यांना ठोकतो. ड्रॉवर हवाच असेल तर मधल्या फळीला 10 मिमीची पट्टी जोडून त्यावर ड्रॉवरची सरकपट्टी (स्लाइड) बसवा.

दार चढवणं

हे दोन मिनिटांचं काम. 5 मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, त्यामुळे आपलं एक दार जेमतेम 5 किलो भरतं. तरी हातमोजे घाला. मागचं दार आधी: थोडं तिरकं धरून वरच्या मागच्या खाचेत घाला, पूर्ण वर ढकला, खालची कड आत आणा आणि हळूच सोडा. मग पुढचं. रोलर असतील तर त्यांचे स्क्रू फिरवून दार बाजूच्या फळीला समांतर करा आणि ट्रॅकवरून उडू न देणारी क्लिप विसरू नका. बाजूच्या फळ्यांना आतून रबरी टिकल्या चिकटवा.

दार जड सरकत असेल तर तेल घालू नका, त्यावर धूळ आणि पीठ बसून चिखल होतो. खाचेत साधी मेणबत्ती घासा. शेगडीशेजारच्या चॅनेलमध्ये चिकटा लवकर साचतो, तिथे महिन्यातून एकदा जुना टूथब्रश फिरवा आणि शेवटी ओल्या फडक्याची घडी खाचेतून ओढून घ्या.