परदेशी मोहिमेवर पोलीस प्रशिक्षक म्हणून जाताय? आधी कायदेशीर दर्जा तपासा

निघण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: नेमणूक संयुक्त राष्ट्रांची की दोन देशांमधल्या कराराची?

संयुक्त राष्ट्रांची असेल, तर पोलीस प्रशिक्षकाचा दर्जा ‘मोहिमेवरील तज्ज्ञ’ असा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकार आणि संरक्षणाबद्दलच्या 1946 च्या करारातलं कलम 22 वाचाच. अटक आणि सामानाच्या जप्तीपासून संरक्षण, कागदपत्रं अभेद्य. पण खटल्यापासून सूट फक्त कामाच्या ओघात केलेल्या कृतींना. लष्करी तुकडीतल्या सैनिकावर मात्र त्याच्याच देशाचा फौजदारी अधिकार चालतो. इथेच बरेच पोलीस फसतात; दोघांची टोपी निळी असली तरी कायदा निराळा. शिवाय कलम 23 नुसार सरचिटणीस ही सूट काढून घेऊ शकतात.

दोन देशांचा करार असेल, तर दर्जा त्या मजकुरात लिहिलेला हवा. नसेल, तर हातात फक्त व्हिसा. स्थानिक कायदा जसाच्या तसा लागू.

सगळ्यात जास्त घोळ गाडीचा. अपघात झाला की ‘कामावर होता का?’ हा पहिला प्रश्न. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ, ठिकाण, कारण नोंदवहीत लिहा. रविवारी बाजारात गेलात तर तेही खरं तेच लिहा. पोलिसांनी थांबवलं तर ओळखपत्र दाखवा, मोहिमेच्या ड्युटी ऑफिसरला फोन लावा, न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नका.

आणि मायदेशी सुटका होईल असं समजू नका: भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 1(5) लागू होतं. मात्र इथे खटला चालवायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते.