चर्चसाठी डिझाईन करायचंय? मग आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसा

नुकतंच ग्राफिक डिझाईन शिकलेली मुलंमुली विचारतात की चर्चचं काम म्हणजे काय, दोन पोस्टर आणि एक लोगो, एवढंच ना? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. काम करता करता जे कळलं ते लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात मोठं काम पोस्टरचं नाही, गीतांच्या स्लाईडचं असतं. दर रविवारी अख्खी मंडळी त्या बघूनच गाते. माझ्या पहिल्या स्लाईड मी लॅपटॉपवर केल्या, मागे सूर्योदयाचा फोटो, त्यावर बारीक पांढरा फॉन्ट, इतक्या छान दिसत होत्या की मी एकदम खूश. रविवारी खिडक्यांतून ऊन आत आलेलं, प्रोजेक्टरचा उजेड त्यात विरून गेला आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी गायच्या थांबल्या. आधी शेजारणीच्या ओठांकडे बघून शब्द पकडायचा प्रयत्न केला, मग तोही सोडला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्या गायला आल्या होत्या आणि माझ्या फॉन्टमुळे त्यांना गाता आलं नाही, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून स्लाईड तयार झाली की मी हॉलमध्ये भर उजेडात ती लावते आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसते. वेबसाठीच्या नियमांत साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान धरतात, पण प्रोजेक्टरवर तेवढ्यावर अजिबात थांबू नका, गडद पार्श्वभूमीवर जाड अक्षर किंवा उलट, बस. एका स्लाईडवर चार ओळी पुरे. ओळ तोडायची ती जागा मावते तिथे नाही, गाणारे श्वास घेतात तिथे. देवनागरी असेल तर दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. आणि गीतांचे शब्द दाखवायला बऱ्याच देशांत परवाना लागतो, सीसीएलआयसारखी संस्था तो देते, तेव्हा चर्चकडे आहे का ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे चर्चचं वर्ष समजून घ्या. जिथे पारंपरिक रंग पाळतात तिथे आगमनकाळ (नाताळच्या आधीचा तयारीचा काळ) आणि लेंटला (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल आणि बाकी साधारण काळात हिरवा. सगळी चर्चेस हे पाळत नाहीत, म्हणून विचारूनच घ्यायचं. मी एकदा गुड फ्रायडेच्या बॅनरवर पिवळाधमक प्रकाश आणि लिलीची फुलं टाकली होती. पाळकसाहेब बराच वेळ बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी थडगं अजून उघडलेलं नसतं." गुड फ्रायडे येशूच्या मरणाचा दिवस, प्रकाश आणि फुलं शोभतात ती तो पुन्हा उठल्याच्या ईस्टरला. मी घरी येऊन सगळं नव्याने केलं. क्रूसाचंही तसंच आहे. कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक वेळा येशूच्या मूर्तीसह क्रूस असतो, प्रॉटेस्टंटांकडे बहुधा रिकामा, आणि तुम्ही तयार चित्रांच्या स्टॉक साईटवरून मिळेल तो उचलून लावला तर लोकांना लगेच खटकतं.

तारखांची तर फारच काळजी घ्या. पाश्चात्त्य परंपरेत ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो. नाताळची तारीख ठरलेली, पण वार दरवर्षी बदलतो, जुनी फाईल उघडून नुसतं साल बदललं की वार गेल्या वर्षीचाच राहतो. माझ्याकडून हे झालंय, छापून आल्यावर कळलं.

पोस्टर करताना डोळ्यासमोर असा माणूस आणा ज्याने कधीच चर्चमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. त्याला वचन सुंदर अक्षरांत दिसतं, पण किती वाजता, कुठल्या दारातून यायचं, लहान मुलांना आणलं तर चालेल का, हे कुठेच नसतं. मंडळीतल्या लोकांना ते पाठ असल्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. बाहेरून आलेल्याला ते सांगणं आपलं काम आहे, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उपासनेच्या पत्रिकेत मात्र रंग जपून वापरा. हस्तलिखितांच्या काळापासून चर्चच्या पुस्तकांत सूचना आणि शीर्षकं लाल शाईत लिहायचे. १४५५च्या सुमाराला गुटेनबर्गने बायबल छापलं तेव्हा सुरुवातीच्या काही पानांवर लाल अक्षरं छापून पाहिली, मग ते सोडून दिलं आणि ती हाताने लिहायला जागा मोकळी ठेवली. ती लाल शाई नुसती सजावट नव्हती, वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळायचं. आजही काय म्हणायचं आणि काय करायचं, उभं राहायचं की बसायचं, हे रंगाने वेगळं केलं तर पहिल्यांदा आलेला माणूस बावरत नाही.

छपाईचं थोडक्यात: ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), आणि रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबाने. चॅटवरून आलेला फोटो दाबलेला असतो, मूळ फाईल मागा.

आणि अंत्यविधीची पत्रिका. हे काम एका दिवसात करावं लागतं, घरचे रडून थकलेले असतात आणि हातात एखादाच जुना फोटो देतात, बऱ्याचदा कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. तो जागेत बसावा म्हणून ताणू नका, चेहरा रुंद झाला की घरच्यांना आपलं माणूस ओळखू येत नाही. चेहरा लहान राहिला तरी चालेल, भोवती मोकळी जागा ठेवा. प्रेसला पाठवण्याआधी मी घरातल्या एकाला फोन करून नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा अक्षर न अक्षर वाचून दाखवते. आणि थोड्या प्रती जास्त काढायला सांगते, कारण लोक ती पत्रिका घरी नेऊन बायबलच्या पानांत ठेवतात.