लिनक्सवर स्कायरिमचे जुने सेव्ह सापडले

नव्या मशीनवर उबुंटू लिनक्स टाकलं, स्टीम या गेम-दुकानावरून स्कायरिम हा गेम उतरवला, तर मेनूत 'कंटिन्यू'च नाही. जुन्या लिनक्स लॅपटॉपची डिस्क शाबूत होती, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून सॅटा-यूएसबी केबल आणून जोडली. 'डॉक्युमेंट्स' रिकामं, शोधही निष्फळ. जीव मेटाकुटीला आला.

खरी गोम अशी, की प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) प्रत्येक गेमसाठी वेगळा खोटा सी ड्राइव्ह बनवतो, आणि तोही लपलेल्या फोल्डरात. लपलेलं दिसायला कंट्रोल-एच दाबा, मग जुन्या डिस्कवर असं जा: होम, .लोकल, शेअर, स्टीम, स्टीमॲप्स, कॉम्पॅटडेटा, ७२८५० (हा मूळ स्कायरिमचा क्रमांक, स्पेशल एडिशनचा ४८९८३०), पीएफएक्स, ड्राइव्ह_सी, यूजर्स, स्टीमयूजर. पुढे 'डॉक्युमेंट्स', जुन्या प्रोटॉनमध्ये 'माय डॉक्युमेंट्स'. त्यात माय गेम्स, स्कायरिम (स्पेशल एडिशनसाठी 'स्कायरिम स्पेशल एडिशन'), सेव्ह्ज. स्टीम फ्लॅटपॅक या वेगळ्या पद्धतीने टाकलं असेल, त्यांनी होममधल्या .व्हार फोल्डरात शोधावं.

आता क्रम महत्त्वाचा. आधी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम क्लाउड बंद करा, नाहीतर नवे-जुने सेव्ह एकमेकांवर चढू शकतात. नव्या मशीनवर गेम एकदा चालवून, एक सेव्ह करून बाहेर पडा. फोल्डर आपोआप तयार होतात. मग जुन्या सेव्ह्जमधल्या .ईएसएस फाइल नव्या मशीनवरच्या त्याच सेव्ह्ज फोल्डरात कॉपी करा. फाइलवर कुलूप दिसलं तर टर्मिनलमधल्या 'सुडो चाऊन' आज्ञेने मालकी आपल्या नावावर घ्या. गेम उघडून 'लोड'मध्ये जुने सेव्ह दिसले, की मगच क्लाउड चालू करा.