दातांचा दवाखाना विकायचाय? आधी स्वतःचा पगार वजा करा

तीसेक वर्षं बेळगावच्या टिळकवाडीत दात काढले आणि मागच्या वर्षी दवाखाना विकला, तेव्हापासून निपाणी, चिकोडी, खानापूरचे डॉक्टर मित्र फोन करून एकच विचारतात, काय ओ, कितीला गेला? आकडा सांगणार नाही, पण कसा काढला ते सांगतो.

सगळे सुरुवात चेअरपासून करतात. चेअर एवढ्याची, आरव्हीजी (दाताचं डिजिटल एक्स-रे यंत्र) एवढ्याचं, फर्निचर एवढ्याचं, सगळी जुनी बिलं काढून बेरीज. तसं नसतंय ते. डेपोवाल्याला, म्हणजे डेंटल सामान विकणाऱ्याला विचारा, ही १२ वर्षांची चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) सेकंडहँडमध्ये कितीला घेशील? त्याचा आकडा ऐकून हातातला चहा गार होतो, पण सामानाची खरी किंमत तीच. पीओपी आणि काचेच्या पार्टिशनचे शून्य धरा.

आता धंद्याची किंमत. समजा वर्षाचं कलेक्शन ३६ लाख. भाडं ३.६, दोन असिस्टंट मुलींचा पगार २.९, कॅप-कवळ्या बनवणारी लॅब ४.५, मटेरियल ४, लाईटबिल वगैरे १, ऑर्थो (ब्रेसेस) आणि आरसीटीला (रूट कॅनाल) येणाऱ्या कन्सल्टंटचे ५, म्हणजे २१ गेले, १५ उरले. इथंच सगळे फसतात, १५ लाखाचा धंदा म्हणून ४० मागतात. अहो, त्या १५ मध्ये तुमची मजुरी आहे की! तुमच्या जागी दुसरा डॉक्टर ठेवला तर महिन्याला ६० हजार तरी द्यावे लागतील, वर्षाचे ७.२ लाख. ते वजा केले की ७.८ उरतात, तेवढीच दवाखान्याची कमाई. त्याच्या एकपट ते दीडपट, म्हणजे ८ ते पावणेबारा लाख, अधिक सामानाचे समजा ४. दीडपटीच्या वर मी तरी जाणार नाही, कारण निम्मे पेशंट तुमच्या तोंडाकडे बघून येतात आणि तोंड तुम्ही घरी घेऊन जाणार.

एक वर्ष नको, तीन वर्षांची सरासरी घ्या. आणि आपल्यातले बरेचजण इन्कम टॅक्सच्या अंदाजे नफ्याच्या योजनेत (४४एडीए) रिटर्न भरतात, निम्मा नफा दाखवला की हिशेबाची वही नको, पण विकताना घेणारा खर्चाची वही मागतो आणि ती नसते. म्हणून विकायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून लॅबची, मटेरियलची बिलं आणि अपॉइंटमेंटची डायरी नीट ठेवा. मी ठेवली नव्हती, पहिला घेणारा तेवढ्यावरनंच परत गेला, वर गावभर सांगितलं की डॉक्टर आकडे फुगवतात.

जागा भाड्याची असेल तर आधी गाळामालकाला भेटा, मग गिऱ्हाईक बघा. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं असेल आणि मालक नवीन माणसाला भाडं दुप्पट सांगणार असेल तर वरचं सगळं गणित पाण्यात. डिपॉझिट परत कोण कोणाला देणार तेपण लिहून घ्या.

परवाने चेअरबरोबर जात नाहीत. केपीएमईची (कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांच्या कायद्याची) नोंदणी, पोल्यूशन बोर्डाचं बायोमेडिकल वेस्टचं ऑथोरायझेशन, एक्स-रे मशीनचं एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरचं काम, सगळं घेणाऱ्याने स्वतःच्या नावावर करायचं असतं. चंदगड-गडहिंग्लजकडचा, महाराष्ट्रात नोंदणी असलेला डॉक्टर घेणार असेल तर त्याला आधी कर्नाटक डेंटल कौन्सिलकडे नोंदणी लागते, त्यात वेळ जातो, टोकन घ्यायच्या आधीच विचारा. तो दवाखान्याची पाटी बदलणार, तर पाटीवर २०२४ च्या कायद्याने ६० टक्के कन्नड लागतंय हेपण सांगून ठेवा.

पैसे बँकेतूनच. थोडं वरनं कॅश घ्या म्हणणारे भेटतातच, पण २ लाख किंवा जास्त रोख घेतलीत की इन्कम टॅक्सवाले तेवढाच दंड लावू शकतात. आणि गुडविलवर, म्हणजे सामान सोडून दवाखान्याच्या नावाला दिलेल्या पैशावर, घेणाऱ्याला आता टॅक्समध्ये घसारा मिळत नाही, म्हणून तो सामानाचा भाव वाढवून लिहा म्हणेल, सह्या करायच्या आधी सीएला दाखवा.

सगळ्यात डोकेदुखी अर्धवट केसेसची. माझ्याकडे ब्रेसेसचे ११ पेशंट होते, कोणी पूर्ण पैसे दिलेले, कोणाची निम्मी तार राहिलेली. एक कागद घेऊन नाव, किती जमा, किती काम बाकी असं लिहिलं आणि बाकी कामाचे पैसे किमतीतून कमी केले. हे केलं नाही तर सहा महिन्यांनी एखादी आई पावती घेऊन तुमच्या घरी येते.

विकल्यावर जवळपास दुसरा दवाखाना काढणार नाही असं लिहून मागतील. गुडविल विकताना वाजवी हद्दीपुरती अशी अट कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मध्ये चालते, तेव्हा किती किलोमीटर, किती वर्षं हे आकड्यात लिहा, 'बेळगावात कुठेही नाही' असलं मान्य करू नका.

गिऱ्हाईक शोधायला इथली दोन डेंटल कॉलेजं आहेतच, पण डेपोवाला सगळ्यांना ओळखतो. त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत खडेबाजारात कळलं म्हणून समजा, म्हणून असिस्टंट मुलींना आधी स्वतः सांगा. घेणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येत असेल तर पाच-पन्नास हजार कमी घेतले तरी चालेल, कारण त्याच्याकडून हप्ते यायचे राहिले असतील तर पेशंट टिकण्यावरच तुमचे पैसे अवलंबून. तीन महिने आठवड्यातून दोन दिवस त्याच्याबरोबर बसा, जुन्या पेशंटला सांगा, हे आता बघणार. आणि दवाखान्याचा मोबाईल नंबर त्याच्या नावावर करून द्या, मी विसरलो होतो, अजून रात्री अकराला दाढ दुखणारे मलाच उठवतात.