शुगर आहे? मग लघवीची ही तपासणी मागून घ्या

मी डायलिसिस युनिटला टेक्निशियन आहे. नवा पेशंट आला की वजनकाट्यावर उभं करतानाच विचारते, "काका, लघवीतलं प्रोटीन कधी तपासलं होतं?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "लघवी तर मस्त होते की!" तिथेच फसगत होते. शुगरने किडनीची गाळणी बिघडते तेव्हा दुखत नाही, लघवीही कमी होत नाही. आधी नुसतं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, लघवीत गळायला लागतं.

म्हणून टाइप 2 मधुमेह निघाला की लगेच आणि पुढे दरवर्षी लॅबमध्ये स्पष्ट सांगा: लघवीचं एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा). लघवीच्या 'रुटीन'वर भागवू नका, सुरुवातीची गळती त्यात सापडेलच असं नाही. एसीआर 30 (mg/g) च्या वर आलं तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा करा. ताप किंवा लघवीला जळजळ असताना केलेलं धरू नका. क्रिएटिनिनच्या शेजारी बऱ्याचदा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, छापलेलं असतं, ते वाचा. किडकिडीत आजीचं 1.2 आणि पैलवानाचं 1.2 सारखं नसतं. ईजीएफआर 60 च्या खाली दिसलं तर फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा.

एसीआर वाढलं की डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल देतात. "मला बीपी कुठंय?" म्हणून गोळी बंद करू नका, ती किडनीसाठीही असते. गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणणं मात्र सोडा. लोणचं-पापड कमी. आणि भस्मं देणाऱ्यांबद्दल मी काय बोलू!

एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षांची शुगर काही न करता उतरायला लागली, इन्सुलिन कमी लागायला लागलं, की पेढे वाटू नका. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणूनही शुगर पडते. त्याच आठवड्यात क्रिएटिनिन करा.

डायलिसिस लागणारच असं डॉक्टर म्हणाले तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आधीच करून घ्या. तो वापरण्याजोगा तयार व्हायला काही आठवडे ते महिने जातात. उशीर केला की मानेत नळी येते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. ज्या हाताने लिहीत नाही, त्या हाताच्या शिरा आत्तापासून जपा, रक्त दुसऱ्या हातातून द्या. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करा. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता तडक फोन करा.