गणपतीच्या आंघोळीची तयारी मे महिन्यात

गावचं घर गणपतीला उघडणार असाल, तर गरम पाण्याची तयारी मे महिन्याच्या सुट्टीतच करून ठेवा. भाद्रपदात कोकणात सगळंच पास होतं. विहीर गोड झालेली असते, जमीन ओली असल्यामुळे अर्थिंग चांगलं दाखवतं आणि टाकी भरून वाहत असते. घराची खरी अवस्था कळते ती मेमध्ये. शिवाय तेव्हा वायरमन मोकळा सापडतो. चतुर्थीच्या आठवड्यात त्याचा फोन लागला तरी नशीब.

परदेशातल्या नातेवाइकांकडचा बॉयलर अख्खं घर उबदार ठेवतो, त्याला रेडिएटर, पंप आणि वर्षाची सर्व्हिस असा मोठा पसारा असतो. आपल्याला तेवढं काही नको. दापोलीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण तिथेही गोधडी पुरते. आपली गरज न्हाणीपुरती आहे. तरी गीझर ही या यादीतली शेवटची खरेदी धरा. त्याच्या आधी पाणी, वायर आणि भिंत बघायची.

पाण्यापासून सुरुवात करा. खाडीच्या किंवा किनाऱ्याच्या जवळ घर असेल, तर एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं का, ते शेजाऱ्यांना विचारा आणि स्वतः चाखूनही बघा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर कुणाकडे मिळाला तर उत्तमच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मेमध्ये आकडा हजाराच्या पुढे जात असेल, तर साध्या स्टीलच्या टाकीचा गीझर घेऊ नका. मिठातलं क्लोराइड स्टीलला बारीक भोकं पाडतं. आतून काचेचा म्हणजे ग्लास-लाइन्ड थर असलेली टाकी बघा. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या घरांचं गणित वेगळं आहे. जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी बहुधा मऊ असतं, साबणाला फेस भरपूर येतो, त्यामुळे घाटावरच्या बोअरसारखा पांढरा चुना कॉइलवर बसत नाही. पण लोहाचा तांबूस गाळ येतो. टाकीच्या तळाला तो दिसत असेल, तर गीझरकडे जाणाऱ्या पाइपावर साधी जाळीची गाळणी बसवून घ्या. पुण्या-मुंबईचा दुकानदार क्षारांवर बोलत राहील. त्याला सांगा, आमच्याकडे भीती गंजाची आहे.

त्यावरूनच अॅनोड रॉडचं आलं. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचं लोखंड वाचवते. गीझर का गळला, असं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती कांडी कधी बघितलेलीच नसते. खाऱ्या पाण्याच्या गावात दर मे महिन्यात ती उघडून बघायला सांगा. मधली तार उघडी पडली असेल, तर कांडी बदला. टाकीच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते.

आता वायर. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून गेलेली बारीक वायर असते, ती दिव्या-पंख्यापुरती. दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा इन्स्टंट तेरा. त्यासाठी बोर्डापासून थेट वेगळी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि त्याची स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच हवा. सोबत तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा डबा. पैसे कमी पडत असतील तर गीझर लहान घ्या, पण हा डबा गाळू नका. वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय, तेही बघून ठेवा. पंप, फ्रिज, मिक्सर आणि गीझर एका सकाळी एकत्र चालणार आहेत. भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यायला वेळ लागतो. मे महिना सुचवण्याचं तेही एक कारण.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण सड्यावर ते सगळ्यात अवघड असतं. कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि कोरडा दगड वीज जमिनीत जाऊ देत नाही. खड्डा शक्यतो न्हाणीचं सांडपाणी मुरतं त्या बाजूला, माडाच्या आळ्याजवळ घ्या आणि त्यात कोळसा-मीठ भरा. वर पाणी ओतायला पाइपाचं तोंड उघडं राहू द्या. उन्हाळ्यात घरी कोणी असेल तर आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला सांगा. मग मेमध्येच वायरमनला अर्थ टेस्टर लावायला सांगा. ‘अर्थिंग आहे’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. काही ठिकाणी सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून ठेवलेला असतो. बाहेरच्या लाइनवर न्यूट्रल तुटला, की गीझरचं अंगच जिवंत होतं. हे बघायला सॉकेट उघडावाच लागतो, आणि तो मेन बंद करून वायरमननेच उघडायचा.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल, तर टांगण्याचा विचार आधी. पंचवीस लिटरचा गीझर भरल्यावर पस्तीस किलोच्या वर जातो. चिरा काही जागी इतका ठिसूळ असतो की ड्रिल भस्सकन आत जातं आणि फास्टनर पकड घेत नाही. आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्या, किंवा तेवढ्या भागात काँक्रीट भरून घ्या. खाऱ्या वाऱ्यात बोल्टही गंजतात, म्हणून स्टेनलेसचे मागा. गीझरचं बाहेरचं आवरण प्लास्टिकचं असेल तर किनाऱ्यावर ते जास्त टिकतं. गरम पाण्याची पाइप सीपीव्हीसीची घ्या. साधी पांढरी पीव्हीसी मऊ पडून वाकते.

एवढं झालं की मग दुकान. किती लिटरचा घ्यायचा हे माणसं मोजून नाही, पहाटेचे तास मोजून ठरवा. आपल्याकडे विहिरीचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. आंघोळीला चाळीस अंश पुरतात. पंचवीस लिटर पाणी साठ अंशांवर तापवलं, की थंड मिसळून वीस लिटरच्या तीन बादल्या निघतात. दोन किलोवॅटला पुन्हा तेवढं तापवायला अर्धा तास लागतो. बारा माणसांची आंघोळ म्हणजे साधारण दोन तास आणि चारेक युनिट. भटजी आठला येणार असतील तर गीझर साडेपाचला चालू. हा हिशेब पूर्ण व्होल्टेजचा आहे. घराकडे लक्ष ठेवणारे काका फोनवर ‘लाईट आसा, पण डीम आसा’ म्हणाले, तर वेळ वाढवा. व्होल्टेज १८० वर आलं, की दोन किलोवॅटच्या गीझरचा सव्वा किलोवॅटसुद्धा उरत नाही. इन्व्हर्टरवर गीझर लावायचा विचार मनात आणू नका.

पेटीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २०८२ हा क्रमांक बघा, वीजबचतीचे तारे (स्टार) बघा, आणि दुकानदाराला एकच प्रश्न रेटून विचारा: तालुक्याच्या गावी तुमचा सर्व्हिसवाला आहे का? वॉरंटीचा कागद कितीही वर्षांचा असला, तरी माणूस दोनशे किलोमीटरवरून येणार असेल तर त्याचा उपयोग नाही. त्याच कागदात खारं पाणी वॉरंटीतून वगळलंय का, ते उभ्या उभ्या वाचून घ्या.

गॅस गीझरची चौकशी बरेच जण करतात, कारण लाइट गेली तरी तो चालतो. त्याचा हा फायदा खरा आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूने आत आलं, त्यानंतर रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पण गॅस गीझर न्हाणीच्या आत बसवायचा नाही. अगदी नाही, खिडकी असली तरीही. बंद खोलीत ज्योत हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि कडी काढायच्या आत माणूस खाली पडतो. गीझर बाहेर पडवीत किंवा मागच्या भिंतीला, पावसाच्या झडीपासून आडोशाला लावा आणि आत फक्त पाइप न्या. टाकी पुरेशा उंचीवर नसेल तर तो पेटतच नाही, हेही आधी तपासा. गॅसचा वास आला तर बटणं चालू-बंद न करता दारं उघडा, सिलिंडर बंद करा आणि १९०६ ला फोन करा.

सोलर बारा महिने माणसं राहतात त्या घराला छान. चाकरमान्यांच्या घराला मी तो सुचवणार नाही. गणपतीत आभाळ भरलेलं असतं, तेव्हा विजेचा जोड लागतोच. बाकीचे महिने घर बंद, टाकी कोरडी आणि काचेच्या नळ्या उन्हात भट्टीसारख्या तापलेल्या. अशा नळ्यांत दुपारी थंड पाणी सोडलं तर त्या तडकतात, म्हणून पाणी पहाटे भरायचं. शंभर लिटरच्या टाकीत पाणीच शंभर किलो असतं, त्यामुळे कौलांवर ती बसवता येत नाही, स्लॅब लागतो. आणि तो स्लॅब माडाच्या खाली नको. नारळ पडणार तो बरोबर नळ्यांवर पडणार, वर वानरं आहेतच.

बंब असेल तर मोडीत घालू नका. तांब्याचा बंब दुरुस्त करून घ्या, गळती असेल तर डाग, म्हणजे झाळ लावून घ्या. करवंट्या, नारळाची सोडणं, वाळलेल्या झावळ्या मे महिन्यातच मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात कोरड्या ठेवा. भाद्रपदात परसात कोरडं काही मिळत नाही. काजूची टरफलं मात्र त्यात घालू नका. त्यांतल्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळ्यांना झोंबतो. आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम मुंबईहून आलेल्या मुलांना सांगून ठेवा. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांचा डाग वितळतो. बादलीत बुडवायचा रॉड ही शेवटची सोय. प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, आणि मुलं घरात असताना तो लावून बाहेर जायचं नाही.

जुलैअखेर एक फोन करून मीटरचा लाइट लागतो का, पंप चालतो का, एवढं विचारा. वीज गेल्याची तक्रार १९१२ वर करता येते, तो नंबर काकांकडे लिहिलेला असू द्या.

घर उघडाल त्या दिवशी गीझरचं बटण लगेच दाबू नका. आधी स्विचबोर्ड उघडून बघायला सांगा. मुंग्यांनी माती भरलेली असते, पालीने अंडी घातलेली असतात, उंदरांनी वायर कुरतडलेली असते. ओल असेल तर बोर्डाला दोन दिवस पंख्याची हवा लागू द्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. ती खटकन पडली पाहिजे. पडली नाही तर गीझर बंदच ठेवा. मग गरम पाण्याचा नळ उघडून टाकीतलं जुनं पाणी वाहू द्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, साचलेल्या पाण्यातले जीवाणू आणि अॅनोडची कांडी मिळून तो वास करतात. नळाला सलग, हवा न फुसफुसता धार आली की मगच वीज लावा. कोरड्या टाकीत कॉइल मिनिटांत जळते. पहिलं तापवणं साठ अंशांच्या वर न्या आणि तेही पाणी सोडून द्या. नंतर घरात लहान मुलं नि म्हातारी माणसं असतील तर काटा पन्नाशीवर आणा. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

तापताना सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब पडतात, त्याची तक्रार दरवर्षी येते. ते पडायलाच हवेत. पंचवीस लिटर पाणी तापलं की दीड-दोन पेल्यांनी फुगतं आणि त्याला वाट लागते. तिथे बूच मारू नका. गीझर बंद असतानाही धार चालू राहिली, तर मात्र व्हॉल्व बदला. आतून खडखड ऐकू आली तर तळाचा गाळ काढायची वेळ झाली.

विसर्जन करून परत निघताना गीझरची एमसीबी पाडा, येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडा आणि व्हॉल्वची दांडी उचलून टाकी पूर्ण रिकामी करा. घाईत बहुतेक जण नेमकं हेच विसरतात आणि टाकी पुढच्या शिमग्यापर्यंत त्याच पाण्यात गंजत बसते. अॅनोड कधी बदलला, कोणत्या वायरमनने काम केलं, ते न्हाणीच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहा, कागद वाळवी खाते. रिकाम्या व्हॉल्वच्या आणि नळांच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधा, नाहीतर मेपर्यंत कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि ती माती सळईने टोकरून काढावी लागते.