गेम बनवायला कॉम्प्युटर घेताय? आधी या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या शेजारच्या वहिनींनी पोस्टातली आरडी मोडून मुलाला लॅपटॉप घेऊन दिला. बारावीनंतर त्याने गेम डेव्हलपमेंट शिकायचं ठरवलं होतं. वहिनी मोठ्या विश्वासाने म्हणाल्या, "आय-सेव्हन आहे, दुकानदार म्हणाला यावर सगळं चालतं." महिन्याभराने पोरगा माझ्याकडे आला. "काका, युनिटीत प्ले दाबलं की दोन-दोन मिनिटं नुसतं बघत बसतो. माझ्या कोडमध्येच काही चुकतंय का?"

युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आणि प्ले म्हणजे बनवलेला गेम चालवून बघायचं बटण. मी त्याच्या शेजारी बसलो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९६ टक्के भरलेली, डिस्क सलग १०० टक्क्यांवर. प्रोसेसरच्या पानावर खाली लिहिलं होतं, कोअर्स: २. मॉडेल होतं आय-सेव्हन ७५००यू, म्हणजे २०१६ सालचा दोन कोअरचा प्रोसेसर (कोअर म्हणजे त्याच्यातले एकाच वेळी काम करणारे मेंदू). सोबत ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. त्याच्या कोडमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं. तो महिनाभर स्वतःलाच दोष देत होता, हे मला जास्त लागलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

खेळण्याचं मशीन आणि बनवण्याचं मशीन एकच समजणं

गेम खेळताना मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो. बनवताना तसं नसतं. कोड बदलला की प्रोसेसरला तो पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे मशीनला समजेल असा करून घ्यावा लागतो. एडिटर, ब्राउझरमधला शिकवणीचा व्हिडिओ आणि थ्रीडी मॉडेल बनवायचं ब्लेंडर एकाच वेळी उघडे असतात, ते सगळे रॅममध्ये मावावे लागतात. प्रोजेक्टमधल्या हजारो छोट्या फाइल्स डिस्कवरून सतत वाचल्या जातात. दिवसातून शंभरदा प्ले दाबणाऱ्याचा वेळ तिथेच जातो. त्यामुळे बजेट बेताचं असेल तर माझा क्रम ठरलेला आहे: आधी एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजीची वेगवान डिस्क) आणि १६ जीबी रॅम, मग सहा कोअरचा बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी.

इंजिन ठरवायच्या आधी मशीन घेणं

इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर; गोडो, युनिटी, अनरियल ही त्यातली नावं. गोडो फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, आणि त्याचा कंपॅटिबिलिटी रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) साध्या ऑनबोर्ड, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतो. टूडी गेम किंवा साधा थ्रीडी गेम करायचा असेल तर वेगळं कार्ड लागतच नाही. युनिटीला जागा आणि रॅम जास्त लागते, १६ जीबीच्या खाली जीव मेटाकुटीला येतो. अनरियल इंजिन ५ चं प्रकरण वेगळं. बनवणारी कंपनीच ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड सुचवते. पहिल्यांदाच शिकणाऱ्याने मर्यादित पैशांत अनरियलच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन छोटे गेम पूर्ण करा, तोवर आपल्याला नेमकं काय लागतं ते कळतं.

नावाला भुलणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. आय-फाइव्ह, आय-सेव्हन, रायझन ५ ही आडनावं झाली. माणूस कसा आहे ते त्यावरून कळत नाही. पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर वाचा. आय-फाइव्ह १२४०० मध्ये सहा कोअर आहेत, वहिनींच्या आय-सेव्हनच्या तिप्पट. त्याच नावापुढे एफ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्रच येणार नाही. लॅपटॉपमध्ये यू म्हणजे कमी वीज खाणारा आणि एच म्हणजे ताकदीचा, हे ढोबळमानाने लक्षात ठेवा. रायझनमध्येही तेच. रायझन ५ ७५२०यू हा आकड्यावरून नवाकोरा वाटतो, पण आत जुन्या झेन २ रचनेचे चारच कोअर आहेत, आणि त्याच्यासोबतची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते. ८ जीबीचं मशीन घेतलंत तर ते कायमचं ८ जीबीचंच राहतं. म्हणून लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: "रॅमचा स्लॉट मोकळा आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर बघा.

असेंबल्ड पीसी घेणार असाल तर रायझन ५ ५६००जी हा मला अजूनही आवडतो. सहा कोअर आहेत, बरं ग्राफिक्स आतच आहे, आणि कार्ड पुढे-मागे सवडीने घेता येतं. फक्त रॅम १६ ची एक काडी न घेता ८-८ च्या दोन घ्या. ऑनबोर्ड ग्राफिक्स ही रॅमच वापरतं; दोन काड्या असल्या की दोन्ही वाटांनी डेटा येतो आणि फरक डोळ्यांना दिसतो.

"४ जीबी ग्राफिक्स कार्ड टाकून देतो"

एम.जी. रोड असो नाहीतर पंचवटी एक्सप्रेस पकडून गाठलेला लॅमिंग्टन रोड, कमी बजेट सांगितलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा ते कार्ड जीटी ७३० असतं. ४ जीबी हा फक्त मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. हे कार्ड २०१४ सालचं. वर सांगितलेल्या ५६००जी मधलं आतलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा जोरात चालतं. त्याच्या काही आवृत्त्या इतक्या जुन्या चिपवर आहेत की त्यांच्यावर वल्कन (ग्राफिक्स कार्डाला कामं सांगायची नवी पद्धत) चालतच नाही, आणि गोडो ४ चा मुख्य रेंडरर अशाच नव्या पद्धतींवर उभा आहे. ते पैसे एसएसडीत घाला.

लॅपटॉपमध्ये अजून एक मेख आहे. आरटीएक्स ३०५० असं एकच स्टिकर लावलेल्या दोन मशीनपैकी एकाला कार्डासाठी ३५ वॅट मिळत असतील आणि दुसऱ्याला ८०. कागदावर टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) हा आकडा शोधा.

एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये काटकसर

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण भार पडला की मशीन मधेच रीस्टार्ट होतं आणि आपण विंडोज फॉरमॅट करत बसतो. ८० प्लसचा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. मे महिन्यात नाशिकला पारा चाळिशीला टेकतो. गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत मशीन असेल तर पुढून हवा घेणारं जाळीचं कॅबिनेट हवं, काचेचं नको. आणि यूपीएस हवाच. जूनमध्ये पहिला पाऊस आला की वीज जाते. प्रोजेक्ट सेव्ह होत असतानाच ती गेली तर अख्खा सीन खराब होऊ शकतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार घेतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला सेव्ह करून बंद करण्यापुरता तो पुरेसा आहे.

रीफर्बिश्ड घ्यावं का?

रीफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला आलेलं जुनं मशीन. जरूर घ्या, नीट बघून. कंपन्यांमधून निघालेले आय-फाइव्ह ८५००चे डेस्कटॉप सहा कोअरचे असतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली की गोडोवर छान काम होतं. मात्र आठव्या पिढीपेक्षा (८५०० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी) जुना प्रोसेसर घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचे जवळपास सगळे प्रोसेसर नाहीत. या छोट्या डब्यांत एसएमपीएस बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे पुढे मोठं कार्ड बसवू म्हणाल तर ते जमत नाही.

मशीन घरात आलंय, तरी हळू चालतंय

नवा खर्च करण्याआधी टास्क मॅनेजर बघा. मेमरी काठोकाठ भरत असेल तर रॅम वाढवा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी. मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो. ३२०० ची रॅम घेऊन तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करायचं राहिलंय. कार्ड असूनही गेम अडखळत असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ती मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लागते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून मगच पारखा.

प्रोजेक्टचा फोल्डर डेस्कटॉपवर ठेवलाय का? विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हला, म्हणजे ऑनलाइन साठवणीला जोडलेला असतो. मग युनिटीच्या लायब्ररी फोल्डरमधली एकेक फाइल वर चढत राहते. प्रोजेक्ट वेगळ्या ड्राइव्हवर हलवा, बॅकअपसाठी गिट (फाइल्सच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) शिका. विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये तेवढ्याच प्रोजेक्ट फोल्डरला सूट द्या. डाउनलोड्सच्या फोल्डरला कधीही नको.

वहिनींच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून आम्ही साटा एसएसडी बसवली, मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची काडी घातली आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्याने विंडोजऐवजी लिनक्स टाकलं; गोडो आणि ब्लेंडर दोन्ही त्यावर चालतात. पोराने युनिटी सध्या बाजूला ठेवलंय. रामकुंडावरून सोडलेली कागदी होडी गोदावरीतून वाट काढत जाते, असा गेम तो करतोय. आता प्ले दाबलं की होडी लगेच पाण्यात उतरते.

तोच मागच्या आठवड्यात मित्रासाठी मशीन बघायला गेला, तेव्हा खिशात पेन ड्राइव्ह घेऊन गेला होता. त्यात गोडो आणि त्याचा होडीचा प्रोजेक्ट. दुकानात विचारून, प्रोजेक्ट डेस्कटॉपवर कॉपी करून प्रत्येक मशीनवर त्याने तो उघडला, प्ले दाबलं, घड्याळ बघितलं, टास्क मॅनेजरचा फोटो काढला, फोल्डर पुसला आणि मग पुढच्या मशीनकडे वळला. तिसऱ्या दुकानात त्यांनी बिल केलं, सिरीयल नंबर आणि वॉरंटीची तारीख बिलावर लिहून घेतली.